काळी चार

रविवारी रात्री नऊच्या सुमारास भाची दारात आली तेव्हा तिच्या खांद्याला परिषदेची कापडी पिशवी होती. पिशवीत एक पेन, कोरी वही, जाड कागदावरचं प्रमाणपत्र आणि तेलानं पारदर्शक झालेला गिल्या वड्याचा पुडा. अमरावतीहून संध्याकाळी सुटणारी मुंबई गाडी तिला अकोल्यात उतरवून पुढे गेली होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे ती, विषय संगीत. शनिवार-रविवार अमरावतीच्या एका महाविद्यालयात संगीत शिक्षणावर परिषद होती आणि तिच्या मॅडम वर्गातल्या चौघींना घेऊन गेल्या होत्या.

मी शाळेत संगीत शिकवण्यात तीस वर्षं घालवलेला माणूस. परिषद म्हटलं की मला अजूनही इस्त्रीचा सदरा घालावासा वाटतो. तिनं मात्र आल्या आल्या पिशवी दिवाणावर अशी टाकली की आतलं पेन बाहेर येऊन घरंगळलं.

"काय शिकून आली?" मी विचारलं.

"काहीच नाई, मामाजी. दोन दिवस बसून आली."

"बसून म्हणजे?"

"खुर्चीवर. सारे गाण्यावर बोलले, गायलं कोणीच नाई. आधी दीपप्रज्वलन, मंग शाल-श्रीफळ, मंग बीजभाषण, मंग पेपर. एकेकाले सात मिनिटं. घंटी वाजली का उतरा खाली. स्टेजवर तंबोरा होता, पण थो फोटोपुरता. मी जेवणाच्या सुट्टीत हात लावून पाह्यला. तारा ढिल्या होत्या."

"अगं, परिषद म्हणजे काय मैफल असते?"

"मैफल नसते, कबूल. मंग शिक्षण तरी असावं ना बाप्पा!"

इथून जे सुरू झालं ते मामीनं ताटं वाढली, ती गार झाली, तरी थांबलं नाही. भातखंड्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा ग्रंथ मराठीत लिहिला तो गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून. चार भाग आहेत. त्यातला शिष्य मोठा गुणी. गुरुजींचं म्हणणं त्याला लवकर पटतं आणि तो पुढचा प्रश्न विचारतो. माझ्या वाट्याला तो शिष्य आलेला नाही.

"तू संगीत शिकून राह्यली, हे कोणामुळं?" मी म्हटलं.

"आईमुळं. बाबा तर बी.कॉम. म्हणत होते."

"त्याच्याही मागं जा. १९१६ साली बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. भरवणारा माणूस पेशानं वकील, विष्णु नारायण भातखंडे. घराणेदार गवई आणि ग्रंथ लिहिणारे पंडित त्यानं एका मांडवात बसवले. श्रुती किती, एखाद्या रागाचं खरं रूप कोणतं, स्वर कागदावर लिहायचे कसे, यावर खल केला. पुढं दिल्ली, बनारस, लखनौ. त्या परिषदांच्या पाठपुराव्यातून १९२६ मध्ये लखनौचं मॅरिस कॉलेज उभं राह्यलं. त्याच्याही आधी, ५ मे १९०१ ले, पलुस्करांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. कोणत्या राजाच्या पैशावर नाही, लोकांच्या देणग्यांवर. तुझ्या प्रमाणपत्राले हसू नको. त्या कागदाची पणजी बडोद्याची आहे."

"पणजी गात होती, मामाजी. पणती नुसती पीपीटी दाखवते."

हे वाक्य तिनं गाडीतच तयार करून आणलं असावं. मी ते सोडून दिलं आणि तिला आजवर न सांगितलेली गोष्ट सांगितली.

माझं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. वडील मूर्तिजापुरात जिनावर रोजीनं जात. घरात गाणं म्हणजे गुरुवारी रात्रीचं भजन, आणि ताल म्हणजे खंजिरी. तुकडोजी महाराजांमुळं आमच्या भागात खंजिरी गावोगाव पोचली; लिहिता-वाचता न येणारा माणूसही तिच्यावर ठेका सोडत नसे. त्या खंजिरीच्या जोरावर मी बारा-तेरा वर्षांचा असताना तालुक्याच्या एका बुवांकडं गेलो. बुवांनी एकच विचारलं, "घरात गाणं आहे का?" मी म्हटलं, भजन आहे. ते म्हणाले, "भजन वेगळं." एवढं बोलून त्यांनी पानाचा डबा पुढं ओढला. मी उंबऱ्याबाहेरच होतो, तिथूनच परतलो. आमची जात त्यांना विचारावी लागली नाही. गाव लहान असलं की ती आधीच पोचलेली असते.

मग अकोल्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचा एक भाग मिळाला. भजनी मंडळाची पेटी होती. पुस्तक पेटीवर ठेवून मी स्वतःच स्वतःचा गुरू झालो. त्या लिपीत स्वराखाली आडवी रेघ असली की स्वर कोमल. मला हे सांगणारं कोणी नव्हतं, आणि सुरुवातीची खुणांची पानं आधीच्या मालकानं फाडली होती. रेघ म्हणजे इथं जोर द्यायचा, असं मी धरून चाललो. दोन वर्षं काफी गायलो, शुद्ध गंधार आणि शुद्ध निषाद लावून, दणकून जोर देऊन.

भाची ताटावरून वर बघायला लागली. "म्हणजे काफी नव्हतीच थे. बिलावल झाला ना!"

"बिलावलाच्या घरावर काफीची पाटी लावली होती. गावात कोणाले कळलं नाही. पुढं गांधर्वच्या परीक्षेले बसलो. परीक्षकानं दोन ओळी ऐकल्या, उठून आला, पेटीवरचं माझं बोट उचललं आणि शेजारच्या काळ्या पट्टीवर ठेवलं. म्हणाला, आता वाजव."

"आणि पास केलं?"

"नापास केलं. पुढच्या वर्षी पास झालो. पण घरात गाणं आहे का, हे त्यानं विचारलं नाही. त्यानं माझा बैठक क्रमांक विचारला."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मामीनं तेवढ्यात भाकर परत गरम करून आणली. मला वाटलं, वाद संपला. वाद करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची ही नेहमीची चूक असते. आपली कहाणी ऐकून समोरच्याचे डोळे ओले झाले की मुद्दाही मान्य झाला असं तो धरतो.

"मामाजी, राग नका मानू," ती म्हणाली, "पण तुमची गोष्ट माह्याच बाजूची आहे. पुस्तकानं तुम्हाले दोन वर्षं चुकवलं. दुरुस्त केलं माणसाच्या हातानं. बोट उचलाले माणूस लागला ना?"

"माणूस लागला. पण तो परीक्षेमुळं भेटला."

"एक दिवस भेटला. रोज भेटला असता तर? आम्ही पेपरात लिहितो, कुमार गंधर्व देवधरांच्या संगीत विद्यालयात शिकले. पण थे देवधर मास्तरांजवळ राह्यत होते का तासाले येऊन घरी जात होते? के. जी. गिंडे बैलहोंगलचे. लहानपणी लखनौले गेले थे रातंजनकरांच्या घरी राहाले. रातंजनकर मॅरिस कॉलेजचे प्राचार्य, खरं आहे. पण गिंडे घडले थे त्या घरात. ज्यायची नावं घेऊन आपण संस्था मोठी म्हणतो, थे सारे गुरूच्या घरचे."

"छप्पर तर संस्थेचंच होतं!"

"छप्पर संस्थेचं. ताट गुरूचं."

हे मात्र गाडीत तयार केलेलं नव्हतं, आणि मला उत्तर सुचलं नाही. ओंकारनाथ, विनायकबुवा हे पलुस्करांचे शिष्यही असेच विद्यालयात राहून शिकलेले. पलुस्करांनी अशा विद्यार्थ्यांना पोसलं, वाढवलं, आणि कर्ज एवढं झालं की मुंबईतली विद्यालयाची इमारत लिलावात गेली. ताट वाढणारी संस्था कशी बुडते, याचा हा दाखला माझ्या बाजूचा की तिच्या, हे मला त्या रात्री ठरवता आलं नाही, म्हणून मी तो काढलाच नाही.

तिनं मग हिशोब मांडला. हिशोबात ती बापावर गेली आहे.

"शनिवारी सकाळी एस.टी.नं गेलो आम्ही. थो रस्ता तुम्हाले माहीत आहे. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोल्याच्या मधात ७५ किलोमीटरचा एक पदर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला, गिनीजमध्ये नाव गेलं. आता आमचं पाहा. नव्या धोरणात प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरले ३० तास. चार क्रेडिटचं प्रात्यक्षिक म्हणजे १२० तास. रस्त्याले १०५, गळ्याले १२०. आणि थे १२० वर्गातल्या साऱ्यांचे मिळून. त्यातून सुट्ट्या काढा, युवक महोत्सव काढा, आजादीचे आणि मराठी भाषेचे कार्यक्रम काढा. तुम्ही रोज किती बसत होते?"

"चार तास."

"म्हणजे तुमचा एक महिना आमचं एक सेमिस्टर."

मी म्हटलं, कॉलेज गवई करायला नसतंच. पन्नास कान तयार झाले, त्यातला एखादा गळा निघाला, तरी पुष्कळ. घरी रियाज करायला कोणी अडवलं आहे? ती म्हणाली, अडवत कोणी नाही, पण भाड्याच्या दोन खोल्यांत सकाळी पाचला 'सा' लावला की घरमालक वरून पाय आपटतो, आणि तो तालात नसतो.

ही तिची खासियत. हसवून झालं की मग मुद्द्यावर येते.

"कान तयार करायचे म्हणता ना? मंग थे शाळेत करा. शेवटच्या सत्रात प्रश्नोत्तरं होती. पाच मिनिटं. मी उभी राह्यली."

"तू? माईकवर?"

"हाव. मी विचारलं, इथं सारे कॉलेजचे प्राध्यापक आहेत. शाळेत संगीत शिक्षकाच्या जागाच भरत नसतील तर आम्ही शिकून शिकवावं कोणाले? आणि शाळेत कानावर सूरच पडला नाई तर कॉलेजच्या वर्गात येईन कोण? अध्यक्ष म्हणाले, फार मोलाचा प्रश्न आहे. मंग म्हणाले, चहा तयार आहे."

तिनं अध्यक्षांच्या आवाजात ते म्हणून दाखवलं. मामी पदर तोंडाला लावून हसत राहिली. मला हसू आलं नाही. मी निवृत्त झालो त्या शाळेत माझी जागा पुन्हा भरली गेली नाही. पेटी कपाटात आहे, कपाटाची किल्ली क्रीडा शिक्षकाकडं आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना निदेशक द्यावेत असं लिहिलं आहे, पण अर्धवेळ. 'कला' या एका शब्दात चित्र आणि गाणं दोन्ही कोंबलं की गाणं बाहेर राहतं. भिंतीवर चित्र लावता येतं, तपासणीला आलेल्या साहेबाला दाखवता येतं.

"आणि एक गंमत सांगू?" ती म्हणाली. "आपलं विद्यापीठ गाडगेबाबांच्या नावाचं. बाबा शाळेत गेले नाईत. त्यायचं कीर्तन कसं होतं, तुम्हीच सांगता. सवाल करत, लोकांकडून जवाब काढत. अर्धं कीर्तन लोकंच बोलत. आणि त्यायच्या विद्यापीठाच्या गावात प्रश्नाले पाच मिनिटं!"

इथं मी हार मानायला हरकत नव्हती. पण मला तिचा एक शब्द खटकत होता. आली तेव्हा म्हणाली होती, काहीच शिकले नाही. खरंच काहीच नसतं, तर इतका वेळ ती भांडली नसती. तसं मी म्हटलं. ती जरा थांबली, ताटातल्या भरिताची रेघ ओढत बसली.

"एक बाई होत्या," ती म्हणाली. "मेळघाटातल्या आश्रमशाळेतल्या. पेपर नव्हता त्यायचा. कोणीतरी आलं नाई, म्हणून जेवणानंतर त्यायले उभं केलं. अर्धा हॉल प्रमाणपत्राच्या रांगेत होता. बाई म्हणाल्या, माझी मुलं कोरकू आहेत. ती गातात, नाचतात, पण मी सूरपेटी लावली की गप्प होतात. मले वाटलं, लाजतात. मंग कळलं का मी जिथं 'सा' लावते तिथं त्यायचा 'सा' नाईच. म्हणून आता मी आधी मुलाले सांगते, नदीच्या पलीकडं तुझी माय आहे, तिले हाक मार. ज्या सुरावर हाक येते थो मी धरते. वहीत नावापुढं लिहून ठेवते, कोणाची काळी दोन, कोणाची पांढरी पाच. मंग तीन टोळ्या करते, आणि टोळीप्रमाणं सूर बदलते. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच. अकरा मिनिटं. मी घड्याळ पाह्यलं होतं."

संगीतातल्या नसलेल्या वाचकासाठी इथं थोडं सांगावं लागेल. प्रत्येक गळ्याचा 'सा' वेगळ्या उंचीवर असतो. पेटीच्या पट्ट्यांवर तो दाखवायची आपली रीत आहे. पुरुषाचा बहुधा काळी एक, काळी दोनच्या आसपास, बाईचा काळी चार, काळी पाचच्या आसपास. त्याला पट्टी म्हणतात. घरी शिकवणारा गुरू शिष्याची पट्टी पहिल्या दिवशी बघतो, किंवा बघत नाही आणि स्वतःच्या पट्टीत ओढतो. वर्गात मात्र वीस जण, पेटी एक, शिकवणारा एक. त्याची पट्टी ती सर्वांची.

"मी संध्याकाळी मुक्कामाच्या हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन हाक मारून पाह्यली," ती म्हणाली. "मोबाइलवरच्या तंबोऱ्याशी मिळवली. माही काळी चार आहे, मामाजी. आणि दोन वर्षं मी सरांच्या काळी एकमध्ये गाऊन राह्यली. पोरांले जमते. मी त्यांच्यावर एक सप्तक चढून गाते, आणि तार गंधाराले पोचली का गाणं नाई होत, किंकाळी होते. सर म्हणतात, तुझा आवाज पातळ आहे, रियाज वाढव. मी वाढवला. घसा बसला. मले माही पट्टी आजपर्यंत कोणी विचारलीच नाई."

मी गप्प राहिलो, आणि ते तिच्या मुद्द्यामुळं नव्हे. शाळेत तीस वर्षं मी काळी एकमध्ये प्रार्थना घेतली. आठवी-नववीत मुलांचा आवाज फुटतो. वर जात नाही, खाली बसत नाही. वार्षिक संमेलनाच्या समूहगीतात असे दोघं-तिघं दरवर्षी असत. मी त्यांना मागच्या रांगेत उभं करून सांगत असे, "तू नुसते ओठ हलव." मला ते फार शहाणपणाचं वाटे. गाणं सुरेल होई, बक्षीसही मिळे. पट्टी दोन घरं खाली आणून बघावी, हे एकदाही सुचलं नाही. बुवांनी मला उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं. मी मुलांना आत घेतलं, रांगेत उभं केलं आणि गप्प बसवलं. त्यातला एक आता आमच्याच गल्लीत राहतो, गणपतीत ढोल छान वाजवतो. आरतीला त्याचे ओठ हलतात.

हे मी तिला सांगितलं. तिनं काही म्हटलं नाही. तिच्या वयाला हे मोठंच सौजन्य.

मग मी म्हटलं, "तर मग हे तू परिषदेतच शिकली ना?"

"हाव. दोन दिवसांत अकरा मिनिटं."

"मले दोन वर्षांत एक बोट मिळालं होतं."

ती हसली, पण हटली नाही. तिचं ठरलं आहे. पदवी पूर्ण करणार आणि मग एखाद्या गुरूच्या दारात जाऊन बसणार, पुणे म्हणा, कोलकाता म्हणा. मी म्हटलं, जा. पण दारात आजही विचारतात हो, निराळ्या शब्दांत विचारतात. कुणाकडे शिकलीस, कुठल्या घराण्याची, महिन्याला किती देशील. घरात गाणं आहे का, हाच तो प्रश्न.

"विचारलं तर सांगीन," पिशवी उचलत ती म्हणाली, "मामा आहे."

सकाळी मी पेटी बाहेर काढली, भाता धरला आणि काळी चार दाबून बसलो. माझा स्वतःचा गळा तिथं पोचत नाही, म्हणून गाऊन दाखवता आलं नाही. ती गायली. काफी घेतली, मुद्दाम. तार गंधार, कोमल, पहिल्यांदाच किंकाळीशिवाय लागला. वरच्या मजल्यावर कोणी पाय आपटला नाही. आमच्याकडं वरचा मजला नाही.

वादाचा निकाल काही लागलेला नाही. ती म्हणते, मी परिषदेची बाजू घेतो कारण परिषदेत माझा सत्कार होतो. माझा सत्कार एकदाच झाला, शालही दिली, ती मामीनं नंतर कुणाला तरी देऊन टाकली. तरी माझं मत आहे की परिषदा व्हाव्यात, अमरावतीत व्हाव्यात, अकोल्यातही व्हाव्यात. अकोल्यातल्या पुढच्या संयोजकांना मात्र एक विनंती आहे. धारणी, चिखलदरा, तेल्हारा, पातूर इथल्या शाळांमधून चार शिक्षक बोलवा, त्यांना एस.टी.चं भाडं द्या, पेपर मागू नका, आणि त्यांची वेळ चहाच्या आधीची ठेवा. तंबोऱ्याच्या तारा लावून द्यायला मी येईन.